फहीमची ट्राली

१

गाडी मागे घेताना मी आरशात पाहत नसे. आरसा केस विंचरायला असतो असं माझं मत होतं, आणि माझ्या पिकअपचा डावीकडचा आरसा तर एका बैलगाडीने केव्हाच उडवून नेला होता. आमच्याकडे गाडी मागे घ्यायची ती मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर. त्याने पत्र्यावर दोनदा थाप मारली की येऊ दे, एकदा मारली की थांब. आतल्याने मान वळवायची नाही आणि शंका घ्यायची नाही. शंका घेणाऱ्याच्या गाडीमागे उभं राहायला कुणी येत नाही.

माझ्या गाडीमागे फहीम उभा राहायचा. वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत माझी गाडी लागायची. तो काही माझा क्लीनर नव्हता, स्वतःच्या दुकानाचा मालक होता. पण मी रिव्हर्स टाकला की हातातलं काम टाकून, काळा चष्मा कपाळावर चढवून तो बाहेर यायचा. त्याच्या दोन थापांत पहिली जोरात असायची आणि दुसरी अर्धवट, दुसरी मारता मारता त्याला दुसरंच काही आठवल्यासारखी. ती थाप ऐकली की माझा पाय आपोआप क्लचवरून उठायचा. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही भिंतीला धडकवलं नाही.

फहीमला मासेमारीचा भारी नाद. शुक्रवारी दुकान बंद, नमाज झाली की साहेब निघाले मोताळ्याच्या अंगाला धरणावर. तिथल्या मच्छीमारांच्यात बसायचा आणि थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकायला जायचा. दिवाळीच्या तोंडावरच्या अशाच एका शुक्रवारी भर पाण्यात तराफा उलटला. तराफा सापडला, एक चप्पल सापडली. फहीम सापडला नाही. जिल्ह्याचं पथक आलं, गळ टाकून झाले, काठाकाठाने फिरून झालं. धरण तेव्हा तुडुंब भरलेलं होतं. पथक परत गेलं आणि आम्ही नुसते काठावर बसून राहिलो.

त्याची आई, अमीरबी, हिने जनाज्याची नमाज होऊ दिली नाही. लोक समजवायला आले, मौलानासाहेब येऊन गेले. ती एवढंच म्हणायची, "पाह्यल्याबिगर मिट्टी कशी देऊ?"

२

मरायच्या आधी फहीमने हातात घेतलेलं शेवटचं काम म्हणजे बोटीची ट्राली. धरणावरच्या मच्छीमार संस्थेने फायबरची बोट घेतली होती. ती ट्रकने वडनेरला येऊन त्याच्या दुकानापुढे उतरली होती. बोट गाडीमागे जोडून न्यायची, पाण्यात सोडायची आणि पुन्हा चढवून आणायची, यासाठी तिच्या मापाचा दोन चाकांचा सांगाडा फहीम बनवत होता. लोखंडी चौकट तयार झाली होती, आडवे पाइप बसले होते, बोटीचं पोट टेकेल असा त्यांना खोलगट बाक दिला होता. राहिलेलं काम मी नांदुऱ्याच्या एका कारागिराकडून पुरं करून घेतलं. तो सांगाड्यावरून हात फिरवत म्हणाला की जोड सोन्यासारखे मारलेत, कोण आहे हा मिस्त्री? मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय.

संस्थेचे अध्यक्ष भाऊराव. पांढरी टोपी, पांढरी मिशी आणि आवाज असा की त्यांनी कानात काही सांगितलं तरी चौकाला कळावं. माणूस मात्र शब्दाचा पक्का. बोट पाण्यात पडली की तिची पहिली फेरी फहीमला शोधायला जाईल, असा शब्द त्यांनी अमीरबीला दिला होता. उन्हाळ्याने धरण खूप खाली गेलं होतं. मधे बुडालेल्या झाडांची खोडं वर आली होती आणि त्यांच्यात अडकलेली जुनी जाळी दिसत होती. फहीमही तिथेच अडकला असणार, असं सगळे धरून चालले होते. तराफा तिथे घालणं धोक्याचं होतं, बोट जाऊ शकली असती.

"ट्रॅक्टरनं नेऊ," भाऊराव म्हणाले.

"माह्या पोराची ट्राली हरिओमच नेईन," अमीरबी म्हणाली, आणि विषय संपला.

हरिओम म्हणजे मी. ट्राली जोडलेली गाडी मी जन्मात मागे घेतली नव्हती. तो सगळा उलटा कारभार असतो. ट्राली डावीकडे जायला हवी तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवा, आणि जरा जास्त फिरलं की ट्राली गाडीला आडवी. वैशाखातल्या त्या सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानात बोट चढवलेली ट्राली जोडून मी सराव करायला गेलो तेव्हा माझा पार तमाशा झाला. भाऊराव ओरडत होते, "इकडं घे, अरे तिकडं नाही, इकडं." त्यांचा इकडं कुठला आणि तिकडं कुठला, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. चार वेळा ट्राली आडवी झाली. मी घामाघूम झालो आणि गाडी बंद करून स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. फहीम असता तर या वेळेपर्यंत आम्ही मोताळ्यात चहा पीत असतो, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

मग पुन्हा गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला.

मागे दोन थापा पडल्या. पहिली जोरात, दुसरी अर्धवट.

माझा पाय क्लचवरून उठला. हात आपले आपण थोडे फिरले, थोडे परतले. थाप येत राहिली, मी मागे जात राहिलो. एकदाच थाप पडली तेव्हा थांबलो. उतरून पाहिलं तर ट्राली कडेच्या दोन कडुलिंबांच्या मधोमध, ओळंबा लावल्यासारखी सरळ उभी होती.

"जमलं बे तुले," असा दुरून भाऊरावांचा आवाज आला. ते मैदानाच्या पार पलीकडे, चहाच्या टपरीवर बशीने चहा पीत होते.

३

मी काही घाबरट माणूस नाही. रात्रीबेरात्री भाजीची गाडी घेऊन एकट्याने फिरलोय. आवाज झाला म्हणजे काहीतरी आपटलं, एवढं साधं माझं शास्त्र. बोटीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीला दोर होते, दोरांना लोखंडी आकडे होते. गाडी मागे जाताना आकडा आपटला असेल. दोनदा आपटला असेल. मला सवय फहीमची, म्हणून मी त्यात फहीम ऐकला.

भाऊराव मोटरसायकलवर पुढे निघाले. अमीरबी माझ्याशेजारी येऊन बसली. तिने बरोबर एक कापडी पिशवी घेतली होती. तिच्यात काय आहे हे मला विचारावं लागलं नाही. घडी केलेलं पांढरं कापड वरून दिसत होतं.

"चाची, पाण्याची काही खात्री नसते," मी म्हटलं. "आज सापडला नाही तर जिवाला लावून घेऊ नका."

"मी काही बोलली का?" ती म्हणाली. "तू गाडी पाह्य."

मलकापूरच्या रस्त्याने निघालो. मागे बोट असली की गाडीचं चालणंच बदलतं. उताराला ती पाठीवर हात ठेवून ढकलते, चढाला मागे ओढते. मी सावकाश चाललो होतो. ऊन चढलं होतं, रस्त्यावर वाहन तुरळक होतं. अमीरबी तसबीहचे मणी ओढत होती.

मोताळ्याच्या अलीकडे एका उतारावर मागे थाप पडली. एकच.

मी ब्रेक मारला. विचार करून मारला नाही, पायाने मारला. गाडी कडेला घेऊन उतरलो आणि मागे जाऊन पाहिलं. ट्राली ज्या पिनेने गाडीच्या हुकात अडकवली होती ती पिन वर सरकत सरकत पार टोकाला आली होती. आणखी एक दचका बसला असता तर बोटीसकट ट्राली सुटून खालच्या वळणावर गेली असती. तिथे एक बाई टरबुजांचा ढीग लावून बसली होती.

मी पिन ठोकून बसवली, तिला तार बांधली. तार दोनदा निसटली, तिसऱ्यांदा पक्कडीने पिळली.

परत येऊन बसलो आणि म्हटलं, "चाची, तुम्ही काही ऐकलं का?"

तिने पिशवी मांडीवर घेतली आणि ती माझ्या बाजूला सरकली, अगदी गिअरच्या दांड्याला टेकून बसली. खिडकीकडची एका माणसाची जागा तिने रिकामी ठेवली.

"तिकडं ऊन लागते का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चाल तू."

४

मोताळ्याला मी पुन्हा थांबलो. चहाचं निमित्त केलं. खरं म्हणजे मला ती ट्राली नीट तपासायची होती. चहा टपरीच्या फळीवर निवत ठेवून मी ट्रालीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकलो, एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला. आणि सापडलं. मागच्या बाजूला बोट घासू नये म्हणून लावलेली लाकडी फळी एका टोकाला ढिली होती. मी ती उचलून सोडली. थप.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्याशा फळीने सकाळपासून माझा जीव टांगणीला लावला होता. गाडीतून जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि फळी गच्च आवळून टाकली. मग सगळे दोर ताणले, आकडे फडक्यात गुंडाळले. आता त्या ट्रालीवर वाजू शकेल असं काही राहिलं नव्हतं. निवलेला चहा एका घोटात पिऊन मी स्वतःला दोन शिव्या घातल्या.

पण गाडीत बसताना मी खिडकीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं टाळलं, हेही खरं आहे. मेलेल्या मित्राची भीती वाटावी याचा मला राग आला. तो जिवंत असताना त्याच्यावाचून माझं पान हलत नव्हतं, आणि आता तो शेजारी असेल या नुसत्या विचाराने मानेवर काटा येत होता. माणूस मोठा बेइमान प्राणी आहे.

५

धरण इतकं उतरलं होतं की मला ओळखू येईना. दिवाळीत आम्ही जिथे बसून वाट पाहिली त्या काठापासून पाणी खूप खाली गेलं होतं. मधला सगळा उतार उघडा पडला होता, भेगाळलेला, मेलेल्या शिंपल्यांनी भरलेला. त्या उतारावर संस्थेने मुरूम टाकून पाण्यापर्यंत वाट केली होती.

खाली कडूबा उभा होता. हा संस्थेचा जुना नावाडी. बोट वल्हवायचं काम त्याचं. फहीम त्याच्याच तराफ्यावरून गेला होता, म्हणून तो अमीरबीच्या नजरेला नजर देत नव्हता.

"हरिभाऊ, एक ध्यानात ठेव," तो मला म्हणाला. "मुरूम पाण्याच्या आत थोडाच हाये. त्याच्याम्होरं जुनी खदान हाये, एकदम खोल. बोट तरंगली का लगेच गाडी वर घ्यायची. हावरटपणा करू नको."

"मी कायले करीन हावरटपणा?"

"पयल्यांदा बोट सोडणारा करतेच," तो म्हणाला.

भाऊरावांनी नारळ फोडला. ताडपत्री काढली, दोर सोडले. बोटीच्या नाकाला बांधलेला लांब दोर धरून कडूबा डाव्या हाताला गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. भाऊराव उजवीकडे, कोरड्यात. मागे उभं राहायला जागाच नव्हती. मागे होतं ते पाणी.

"चाची, उतरा आता," मी म्हटलं.

"नाही."

"चाची, गाडी पाण्यात जाते."

"जाऊ दे. मी बसते."

भाऊराव येऊन बोलले, कडूबा खालून ओरडला. ती सीटला घट्ट धरून बसली, हलली नाही. सहा महिने तिने कुणाचं ऐकलं नव्हतं, आज ऐकणार नव्हती. मी रिव्हर्स टाकला.

६

दोन थापा पडल्या.

फळी आवळलेली होती. आकडे फडक्यात होते. कडूबा मला डावीकडे दिसत होता, भाऊराव उजवीकडे दिसत होते, आणि दोघांचे हात त्यांच्याजवळ होते.

मी मागे जात राहिलो. दुसरं काय करणार? ट्राली सरळ चालली होती. सकाळी मैदानात आडवी पडणारी तीच ट्राली. दोन थापा, मग पुन्हा दोन. तिची चाकं पाण्यात गेली, मग चौकट गेली, मग माझ्या गाडीची मागची चाकं ओली झाल्याचं मला सीटखाली कळलं. सायलेन्सर गुडगुडू लागला. आणि मग मागचा भार सुटला. बोट उचलली गेली, डुलली, कडूबाने दोर ओढून तिला बाजूला घेतलं. काठावर दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

"बस्स, बस्स," भाऊराव म्हणाले. "घे वर."

मी पहिला गिअर टाकला.

दोन थापा पडल्या.

आता तिथे वाजायला काही नव्हतं. बोट गेली होती. ट्राली पुरती पाण्याखाली होती आणि पाण्याखाली हात आपटला तर थाप ऐकू येत नाही. ती मला कानाने आलीही नाही. लोखंडातून आली, हुकातून, गाडीच्या सांगाड्यातून, सीटमधून, माझ्या पाठीच्या कण्यात. पहिली जोरात, दुसरी अर्धवट.

"बोलावते थो," अमीरबी म्हणाली.

म्हणजे तिलाही ती थाप येत होती. सकाळपासून येत असणार.

"चाची, मांगं खदान हाये," मी म्हटलं.  "खोल हाये. मले पोहता येत नाही. तुम्हाले येते का?"

"त्यानं कधी तुले धडकवलं का?"

नव्हतं धडकवलं. पण तेव्हा तो जिवंत होता, तेव्हा त्याला दुकान होतं, घरी जायचं होतं, संध्याकाळी माझ्याकडून मेथीची जुडी न्यायची होती. आता त्याला काय हवं असेल हे मला कसं कळावं? तो सहा महिने तिथे एकटा होता. एकट्या माणसाला आई हवीशी वाटेल. मित्रही हवासा वाटेल. लहानपणापासून ऐकलेलं सगळं मला त्या एका मिनिटात आठवलं, आणि ज्याच्या हातावर मी आंधळा विश्वास टाकत आलो त्याच्याबद्दल मी हा विचार करतोय याने मला रडू आलं.

"उतरा," मी म्हटलं. "तुम्ही उतरा, मग मी जातो."

"तू एकटा गेला तर मी काय पाहू?" ती म्हणाली. मग माझ्या गिअरवरच्या हातावर तिने आपला हात ठेवला. म्हाताऱ्या बाईचा हात, हलका आणि कोरडा. "हरि, मले त्याले घरी न्यायचं हाये. तुह्यावाल्या भीतीचं मी काय करू, सांग."

दोन थापा पडल्या.

मी पुन्हा रिव्हर्स टाकला.

७

भाऊराव ओरडत पळत आले. कडूबाने दोर टाकून दिला. मी काच वर केली.

पाणी दारातून आत आलं, माझ्या पायाशी, मग घोट्यापर्यंत. अमीरबीने पिशवी उचलून छातीशी धरली. इंजिनाचा आवाज घोगरा झाला. दोन थापा. मी मागे गेलो. दोन थापा. ट्रालीखालचा मुरूम संपत आल्याचं स्टेअरिंगमध्ये कळत होतं, मागची चाकं मऊ लागत होती. मनात मी एकच म्हणत होतो, एक मार, बाबा, आता एक मार.

आणि तेव्हा मी आरशात पाहिलं. उजव्या आरशात. का पाहिलं, माहीत नाही. विश्वास उडाला म्हणून पाहिलं असेल, किंवा त्याला एकदा पाहावं वाटलं म्हणून.

मातकट पाण्यातून माझ्या गाडीच्या मागच्या फाळक्याची कड वर राहिली होती. तिच्यावर काहीतरी सपाट आणि फिकट टेकलं होतं. तळहाताएवढं. मागून कुणी बाहेर येत नव्हतं, पाण्यावर डोकं नव्हतं, खांदा नव्हता. तेवढंच उचललं गेलं आणि खाली आलं.

एक थाप.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुन्हा पाहिलं तेव्हा फाळक्यावर नुसतं ओलं होतं.

गाडी थांबली होती. मग ती मागच्या बाजूने किंचित खाली बसली. हे ड्रायव्हरला कळतं, भाजीची पोती चढवताना रोज कळतं. मागे कुणी वजन ठेवलं होतं, आदळून नाही, जपून ठेवलं होतं.

पहिला गिअर टाकला. चाकं जागीच फिरली, क्लच जळल्याचा वास आला. अमीरबी काहीतरी पुटपुटत होती. मग चाकाला मुरूम लागला आणि आम्ही इंच इंच वर येऊ लागलो. बोट ट्रालीवर नव्हती. पाण्यावर, डावीकडे, रिकामी डुलत होती. आणि तरी गाडी येताना ओढत होती त्याहून जड ओढत होती.

८

कोरड्यात आल्यावर मी गाडी बंद केली आणि समोर पाहत राहिलो. समोर भाऊराव होते. ते शिव्या द्यायला धावत आले होते, तोंड उघडं होतं. मग त्यांची नजर माझ्या गाडीच्या मागे गेली. त्यांनी टोपी काढली आणि तिथेच मुरमावर बसले.

कडूबा माझ्या खिडकीशी आला, मी काच खाली केली. तो ओलाचिंब निथळत होता.

"हरिभाऊ, मांगं पाहू नको," तो म्हणाला. "ट्रालीवर हाये थो, बोटीच्या बाकात बसलाय बराब्बर. जाळ्यात गुंडाळलेला. खदानीच्या तोंडाशी असन, ट्राली त्याच्या खालून गेली अन् उचलून आली. आम्ही मंधातल्या खोडात असन म्हणत बसलो."

मी विचारलं, "हात?"

"काय हात?"

"हात मोकळे हायेत का त्याचे?"

कडूबाने माझ्याकडे विचित्र पाहिलं. "नाही ना. दोन्ही हात अंगासंगं आवळलेत, जाळं पार रुतलंय. काऊन?"

 अजूनही त्यावर मी काही बोलत नाही. मुरूम होता, उतार होता, पाण्याला ओढ होती, सगळं समजावून सांगता येतं. कडूबाने तसं सगळ्यांना सांगितलंही.

अमीरबी उतरून मागे गेली होती. मी ऐकत होतो. रडण्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत होतो, तो आला नाही. पिशवीतलं कापड झटकल्याचा आवाज आला. मग ती खूप वेळ हलक्या आवाजात बोलत होती. पोरगं उशिरा घरी आल्यावर आई जे बोलते ते. जेवला का नाही, एवढा उशीर काऊन केला, मी कधीची वाट पाहून राह्यली. ते ऐकून मला जे रडू फुटलं ते आवरता आवरेना. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून, लोक पाहतायत याची लाज न बाळगता रडलो.

भाऊराव उठून आले होते. त्यांचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"भाभी, पोलिसाले फोन करा लागते," ते म्हणाले. "पंचनामा होईन. मंग बुलढाण्याले न्या लागते, दवाखान्यात. तोवर हात लावता येत नाही कोणाले. कायदाच हाये तसा."

अमीरबी पुढे आली, दार उघडलं आणि माझ्याशेजारी चढून बसली. खिडकीला टेकून, आपल्या नेहमीच्या जागी. तिचे हात चिखलाने भरले होते आणि डोक्यावर ओढणी नव्हती. ओढणी तिने मागे त्याच्यावर पांघरली होती.

"तुमचा कायदा येऊ द्या मांगून माह्या घरी," ती भाऊरावांना म्हणाली. "दिवाळीपासून भायेर हाये माहा पोरगा. पयले घरी जाईन थो."

भाऊरावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग तो खिशात टाकला.

"हरि, हळू घे," ती मला म्हणाली. "त्याले दचके लागतीन."

मी गाडी चालू केली. भाऊराव वाकून पुढे चालत वाटेतले दगड बाजूला करू लागले.